‘जमावाला चेहरा नसतो’ हे वाक्य खोड

सातारा
रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद,

लघुप्रबंधाचा आराखडा मिळाला. अक्षर सुधारलंय, मजकूर अजून सुधारायचाय. पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलंयस की जमावाला चेहरा नसतो, तो आंधळा असतो, माणसं त्यात शिरली की माणूस राहत नाहीत. हे वाक्य खोड. तू निवडलेल्या एकाही कथेत ते टिकत नाही. तुझ्या सगळ्या लेखकांनी जमावातल्या माणसांना नावं दिलीत, धंदे दिलेत, बायका-पोरं दिलीत. त्यांनी कष्टाने दिलेलं तू एका वाक्यात काढून घेतोस. शिवाय जमाव आंधळा ठरला की कुणालाच काही विचारायला नको, आणि त्या कथांमधल्या गावांनाही दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं तेच हवं असतं.

वर्णद्वेष जमावाच्या हिंसेत नेमकं काय काम करतो, हा तुझा प्रश्न आहे. ‘द्वेष वाढतो आणि मग हिंसा होते’ एवढं म्हणून भागणार नाही. राग, उकाडा, दारू, बेकारी हे सगळं कुठल्याही गावात असतं. द्वेष जे काम करतो ते फार नेमकं असतं. ‘हे खरंच घडलं का?’ हा एक प्रश्न तो विचारू देत नाही. कुणी विचारलाच, तर विचारणाराच संशयित ठरतो. चांगल्या कथांमध्ये हा प्रश्न कुठे, कुणी, कोणत्या शब्दांत बंद पाडला ते पानावर बोट ठेवून दाखवता येतं. ते बोट ठेवणं म्हणजे तुझा प्रबंध. बाकी सगळं प्रस्तावना आणि परिशिष्ट.

सुरुवात अमेरिकन लेखक फॉकनरच्या ‘ड्राय सप्टेंबर’पासून कर. कथा १९३१ची, पाच भागांची, लहान. पहिला भाग सलूनमध्ये घडतो. शनिवारची संध्याकाळ, बासष्ट दिवस पावसाचा थेंब नाही, छताचा पंखा तीच शिळी हवा ढवळतोय. मिनी कूपर या अविवाहित गोऱ्या बाईबद्दल आणि बर्फाच्या कारखान्यात रात्रीची राखण करणाऱ्या विल मेज या काळ्या माणसाबद्दल काहीतरी कानावर आलंय. नेमकं काय घडलं हे तिथे बसलेल्या एकालाही माहीत नाही, आणि फॉकनर ते पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळा होतो. त्यामुळे ‘विल दोषी होता का’ हे कथेचं रहस्य नाही. तू आराखड्यात ‘शेवटपर्यंत संदिग्धता’ असं काहीसं लिहिलंयस, ते काढ. संदिग्धता मिनीच्या बाबतीत आहे. सलूनमधल्या माणसांना काही माहीत नाही, हे स्वच्छ आहे.

आता संवाद एकेक करून बघ. हॉकशॉ नावाचा न्हावी म्हणतो, मी विलला ओळखतो, तो तसा नाही. त्याला उलट विचारतात, म्हणजे तू गोऱ्या बाईच्या शब्दावर काळ्याचा शब्द ठेवणार का? विषय घटनेचा होता, उत्तर निष्ठेबद्दल आलं. हे वळण वहीत लिहून ठेव, कारण पुढच्या प्रत्येक कादंबरीत तुला ते भेटणार आहे. मग मॅक्लेंडन आत येतो. महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर तुकडी चालवलेला, शौर्याबद्दल गौरवलेला गडी. कुणीतरी त्याला सरळ विचारतं की खरंच असं काही झालं का, आणि तो म्हणतो की त्याने काय फरक पडतो. मुद्दा आता एका माणसाचा राहिलाच नाही, सगळ्या काळ्यांना धाक बसण्याचा झाला. त्यानंतर वाद असा उरतच नाही. खुर्च्या रिकाम्या होतात, गाड्या सुरू होतात.

न्हाव्याकडे मात्र नीट बघ. विद्यार्थी त्याला ‘सदसद्विवेकाचा आवाज’ म्हणतात आणि पुढे सरकतात. हा माणूस विलची बाजू घेतो तीही त्याच अपमानकारक शब्दाने. विल ‘चांगला’ आहे, पण चांगला त्या शब्दाच्या आतच. तो जमावाला थांबवायला म्हणून गाडीत बसतो. पुढे विलला बेड्या घालून ढकलाढकली होते, बेड्या घातलेले विलचे हात न्हाव्याच्या तोंडावर बसतात, आणि न्हावीही त्याला मारतो. मग मला उतरायचंय म्हणतो, कुणी गाडी थांबवत नाही, तेव्हा चालत्या गाडीतून उडी टाकतो. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्यास तर कळेल की फॉकनरला चांगला माणूस आणि वाईट जमाव अशी वाटणी करायचीच नव्हती. विरोध करणाऱ्याकडे जमावाच्याच भाषेखेरीज दुसरी भाषा नाही, म्हणून त्याचा विरोध टिकत नाही. आणखी एक बारीक जागा आहे. अंधारात ओढून नेताना विल त्या माणसांना त्यांच्या नावांनी हाका मारतो. तो त्यांना ओळखतो. बिनचेहऱ्याचा जमाव ही कल्पना ज्याला मारलं जातंय त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

खून कथेत नाही. एक ओळसुद्धा नाही. न्हावी खड्ड्यातून बघतो, गाड्या परत जातात. पुढच्या भागात आपण एकदम मिनीबरोबर बाजारात आणि सिनेमा थिएटरात असतो. चौकात त्या संध्याकाळी एकही काळा माणूस नाही. हे एक वाक्य खुनाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं. शेवटच्या भागात मॅक्लेंडन मध्यरात्री घरी येतो, बायको जागी राहिली म्हणून तिच्या अंगावर जातो. गोऱ्या बाईच्या अब्रूसाठी रात्री निघालेला माणूस घरी येऊन स्वतःच्या बायकोवर हात टाकतो, आणि लेखक त्यावर एक अक्षर टिप्पणी करत नाही. तूही करू नकोस. फक्त पहिला आणि पाचवा भाग शेजारी ठेवून दाखव.

या कथेवर बोलताना सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक उकाड्याची. बासष्ट दिवसांचा दुष्काळ, तापलेली डोकी, म्हणून हिंसा, असं समीकरण मांडून विद्यार्थी समाधान मानतात. पण कथेत हवेला दोष कोण देतं ते बघ. सलूनमधलंच एक गिऱ्हाईक म्हणतं की या हवेत माणूस काहीही करून बसेल. म्हणजे उकाडा ही पात्रांनी आगाऊ तयार ठेवलेली सबब आहे. लेखकाने ती त्यांच्या तोंडी घातली आणि आपण ती त्याच्याच नावावर खपवतो. माण-खटावात सलग दुष्काळ पडतात, म्हणून कुणी रात्री दोर घेऊन बाहेर पडत नाही. दुसरी चूक मिनीला खलनायिका करण्याची. दुसरा आणि चौथा भाग तिचे आहेत. चाळिशीकडे आलेली, गावाने वर्षानुवर्षं ‘बिचारी’ म्हणून बाजूला टाकलेली बाई. या अफवेनंतर पहिल्यांदाच पुरुष तिच्याकडे वळून बघतात. तिच्या मागे गाव उभं राहतं ते तिच्या प्रेमापोटी नव्हे, हे तिलाही कळत असावं. थिएटरातलं तिचं हसू थांबत नाही ते त्यामुळेच, असं माझं वाचन आहे. तुझं वेगळं असलं तर मांड, पण आधार दे.

काम कसं करायचं ते सांगते. प्रत्येक कथेसाठी आडव्या कागदावर एक तक्ता कर. पहिल्या रकान्यात पान क्रमांक, दुसऱ्यात बातमी कुणी कुणाला सांगितली, तिसऱ्यात सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिली होती का. तिसरा रकाना जवळजवळ रिकामा राहील आणि तोच तुझा पहिला निष्कर्ष. चौथ्यात शंका कुणी काढली आणि तिला काय उत्तर मिळालं ते लिही. उत्तर पुराव्याचं होतं की निष्ठेचं, हे वेगळ्या शाईने नोंद. पाचव्यात वस्तू: गाडी कुणाची, दोर कुठून आला, किल्ली कुणाकडे होती, बंदूक कुणाची. वस्तूंना मालक असतात, म्हणून हा रकाना फार बोलका ठरतो. शेवटी ओळी मोज. अफवेला किती ओळी, जमण्याला किती, प्रत्यक्ष मारण्याला किती, दुसऱ्या दिवसाला किती. ‘ड्राय सप्टेंबर’मध्ये मारण्याला शून्य येईल. इतरत्र वेगळं प्रमाण येईल आणि त्या फरकावर तुला दोन पानं सहज लिहिता येतील. ओळी मोजणं कंटाळवाणं वाटेल, पण ‘लेखकाने प्रभावी वातावरणनिर्मिती केली आहे’ असल्या वाक्यांपासून तेवढ्यानेच सुटका होते.

चार्ल्स चेस्नट हा काळा अमेरिकन कादंबरीकार तुझ्या यादीत नाही. का नाही? ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ ही कादंबरी १९०१ची आहे आणि या विषयावर तिच्याइतकी उघड यंत्रणा दाखवणारं पुस्तक दुसरं मिळणार नाही. मागे खरी घटना आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात १० नोव्हेंबर १८९८ रोजी, निवडणुकीनंतर दोन दिवसांनी, गोऱ्या सशस्त्र जमावाने काळ्यांच्या वृत्तपत्राची कचेरी जाळली, माणसं मारली आणि नगरपालिकेच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांना राजीनामे द्यायला लावून आपली माणसं खुर्च्यांवर बसवली. काळ्या संपादकाने ऑगस्टमध्ये लिहिलेला एक लेख गोऱ्या वर्तमानपत्रांनी निवडणूक येईपर्यंत पुन्हा पुन्हा छापून लोकांना तापवत ठेवलं होतं. कादंबरीत चेस्नट या साऱ्याला एका संपादकाच्या खोलीत आणतो. तीन माणसं बसलीत, मेजर कार्टरेट हा संपादक, एक जनरल, एक कॅप्टन, आणि ती ठरवतात की हा लेख आत्ता वापरायचा नाही, राखून ठेवायचा, वेळ आली की काढायचा. संताप तारीख बघून काढला जातो. ‘उत्स्फूर्त उद्रेक’ हा शब्दप्रयोग तुझ्या आराखड्यात तीनदा आलाय. ही खोली वाचल्यावर तो तुझा तूच खोडशील.

त्याच कादंबरीत आणखी एक प्रकरण आहे. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईचा खून होतो, सँडी नावाच्या काळ्या नोकरावर संशय येतो, आणि दिवसभरात त्याला जाळायची तयारी पूर्ण होते. आसपासच्या गावांहून बघे आणायला खास रेल्वेगाड्या सोडायचीसुद्धा भाषा होते. खरा खुनी एका प्रतिष्ठित घराण्यातला गोरा तरुण आहे, त्याने सँडीचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून काम केलेलं असतं. हे वरच्या लोकांना कळतं तेव्हा तेच संपादक, तेच छापखाने जादा अंक काढतात आणि संध्याकाळपर्यंत जमाव घरी जातो. नळ सोडावा तसा सोडला होता, तसाच बंद केला. जो बंद करता येतो त्याला वेड कसं म्हणायचं? आणि बंद केला कशासाठी, तर सँडीच्या जिवासाठी नाही, घराण्याच्या नावासाठी. तक्त्यात ‘जमाव का थांबला’ असा रकाना वाढव.

तो रकाना तुला ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’साठी लागेलच. हार्पर लीची ही कादंबरी १९६०ची, गोष्ट घडते अलाबामात १९३०च्या दशकात. तुरुंगाच्या दारातला प्रसंग तू ‘बालसुलभ निरागसतेपुढे जमावाने शरणागती पत्करली’ असा मांडलायस. शाळेत तो असाच शिकवतात, म्हणून तुला दोष देत नाही. पण बघ काय घडतं. आत टॉम रॉबिन्सन हा काळा आरोपी आहे आणि त्याचा गोरा वकील ॲटिकस दाराशी दिव्याखाली खुर्ची टाकून बसलाय. शेरीफला खोटं कारण सांगून आधीच रानात पाठवून दिलेलं आहे. म्हणजे कुणीतरी बसून बेत केलाय. ॲटिकसची लहान मुलगी स्काउट पळत मध्ये येते, चेहऱ्यांत ओळखीचं कुणी शोधते आणि मिस्टर कनिंगहॅमला नावाने हाक मारते. त्याच्या जमिनीच्या कज्जाबद्दल विचारते, तुमचा वॉल्टर माझ्या वर्गात आहे, घरी सांगा मी विचारलं म्हणून, असं बोलते. गर्दीतून एक बाप, एक कर्जदार, एक अशील बाहेर निघतो, आणि तो म्हणतो चला. निरागसता असेलही, पण काम केलं ते नावाने आणि देण्याघेण्याच्या नात्याने. विल मेजही नावंच घेत होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. गोऱ्या वकिलाच्या मुलीने घेतलेलं नाव आणि काळ्या राखणदाराने घेतलेलं नाव यांची किंमत वेगळी आहे. हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवलेस तर एक अख्खं प्रकरण उभं राहील, आणि ते माझ्या माहितीत तरी तुझ्या बरोबरच्या कुणी केलेलं नाही.

शिवाय त्या प्रसंगाच्या शेवटी वरच्या खिडकीतून मिस्टर अंडरवुड ॲटिकसच्या बचावाला दुनळी बंदूक रोखून बसला होता हे आपल्याला कळतं. आणि आतल्या अंधारातून टॉम रॉबिन्सन विचारतो, ते गेले का? त्या रात्रीचं त्याचं बोलणं जवळपास एवढंच. ज्याच्या जिवावर सगळं चाललंय त्याला लेखिकेने किती ओळी दिल्या, हेही मोज. पुढे तोच समाज, शिस्तीत बसून, कायद्याच्या भाषेत, टॉमला दोषी ठरवतो. नंतर कैद्यांच्या शेतावरून पळताना त्याला सतरा गोळ्या घालतात. तेव्हा ‘जमाव हरला, कायदा जिंकला’ असं लिहू नकोस. ज्युरीत बसलेली माणसं आणि तुरुंगापुढे आलेली माणसं एकाच पंचक्रोशीतली आहेत आणि एकाच गृहीतावर उभी आहेत. हां, ज्युरीत कनिंगहॅमांचा एक नातेवाईक आधी टॉमला सोडा म्हणत अडून बसला होता, हेही प्रामाणिकपणे नोंद. कादंबरीत तेवढी फट आहे.

जेम्स बॉल्डविनची ‘गोइंग टू मीट द मॅन’ ही १९६५ची कथा थोडक्यात घे. ती एका गोऱ्या डेप्युटी शेरीफच्या डोक्यातून सांगितली आहे आणि त्याला लहानपणी आईबापांनी सहलीला न्यावं तसं एका काळ्या माणसाची हत्या बघायला नेलेलं असतं. वर्णन असह्य आहे. अवतरणं कमीत कमी दे, दोन पुरेत. अत्याचाराचे तपशील उतरवत बसण्याने अभ्यास होत नाही. मुद्दा एवढाच घे, की तिथे जमावात मुलं आहेत आणि त्यांना शिकवलं जातंय. अशा हत्यांच्या छायाचित्रांची टपालपत्रं त्या काळी विकली जात, ही गोष्ट तळटीपेत घाल म्हणजे वाचकाला ती अतिशयोक्ती वाटणार नाही.

आकड्यांबद्दल. टस्कीगी या अलाबामातल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ४,७४३ माणसं जमावाने मारली, त्यातली ३,४४६ काळी होती. इतर संस्थांच्या मोजण्या वेगळ्या येतात, कारण त्या वेगळी वर्षं आणि वेगळी राज्यं धरतात. एका परिच्छेदात दोन संस्थांचे आकडे मिसळू नकोस. आकड्यांपेक्षा आयडा बी. वेल्स ही काळी पत्रकार तुला जास्त कामाची आहे. १८९२मध्ये मेम्फिसमध्ये तिच्या ओळखीच्या तीन काळ्या माणसांना मारण्यात आलं. त्यांचा गुन्हा म्हणजे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक खेचणारं किराणा दुकान. तिने मग गोऱ्या वर्तमानपत्रांतल्याच बातम्या तपासल्या आणि दाखवून दिलं की बलात्काराचा नुसता आरोपसुद्धा जेमतेम एक तृतीयांश प्रकरणांत होता. तिच्या वर्तमानपत्राची कचेरी त्याच वर्षी उद्ध्वस्त केली गेली. फॉकनरच्या सलूनमध्ये जी कथा सगळ्यांना पाठ आहे, ती आधीच छापून, वाटून, पाठ करून घेतलेली होती, हे तुला वेल्समुळे म्हणता येईल. आणि अमेरिकेत याविरुद्धचा केंद्रीय कायदा कधी झाला ते एका ओळीत घाल: मार्च २०२२. १९२२ला प्रतिनिधिगृहात मंजूर झालेलं विधेयक सिनेटमध्ये अडवलं गेलं होतं, त्यानंतर शंभर वर्षांनी.

आता तुझ्या शेवटच्या प्रकरणाकडे येते, ‘भारतीय संदर्भ’. पाच पानांत तू फुले, आंबेडकर, दलित पँथर आणि आजचे मोबाइलवरचे संदेश सगळं कोंबलंयस. बाहेरून तपासायला येणारे पहिलं बोट इथेच ठेवतील. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे खरं आहे, आणि मूळ घराणं आपल्या कटगुणचं म्हणून आपल्याला त्याचा अभिमानही आहे. पण अर्पणपत्रिकेवरून जात आणि वंश एकच असं सिद्ध होत नाही. डॉ. आंबेडकरांनीच जातीची वांशिक उपपत्ती नाकारली आहे. ते वाचल्याशिवाय ‘जात म्हणजे भारतातला वर्णद्वेष’ हे वाक्य टाकू नको.

तुलना करायचीच असेल तर एकच कर, पण खोल. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही १९६३च्या संग्रहातली कथा आणि फॉकनरची १९३२ची ‘लाइट इन ऑगस्ट’. बागुलांचा तरुण उधन्याला रेल्वेत नोकरीला लागतो, जात न सांगता राहतो. मान मिळतो, घरी बोलावलं जातं. जात कळल्यावर तीच माणसं त्याला तुडवतात. म्हणजे अंगावर काही दिसत नाही. जमावाला बातमी लागते. आता ‘लाइट इन ऑगस्ट’चा नायक, जो ख्रिसमस नावाचा, तो बघ. तो दिसायला गोराच आहे, आपल्यात काळं रक्त आहे की नाही हे त्याला स्वतःलाही नक्की माहीत नाही. त्याचा साथीदार ब्राउन खुनाच्या चौकशीत अडचणीत येतो, त्याला हजार डॉलरचं बक्षीसही हवं असतं, आणि मग तो एकच गोष्ट सांगतो, की ख्रिसमस काळा आहे. संशयाचा काटा तिथल्या तिथे फिरतो. पुरावा तोच, माणूस तोच. रंगसुद्धा डोळ्यांना दिसावा लागत नाही, कुणीतरी सांगितला की पुरतो. जात आणि वर्ण हे वेगळे असूनही इथे एकमेकांजवळ येतात, आणि ही जवळीक तू पानं उघडून दाखवू शकतोस. त्याच कादंबरीतला पर्सी ग्रिमही विसरू नको. तो तरुणांचं पथक काढतो ते गावात शांतता राखायला, आणि ख्रिसमसचा खून शेवटी तोच करतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ घेऊ का, असं तू समासात विचारलंयस. घे, पण वेगळ्या टिपणात. गांधीहत्येनंतरचं अठ्ठेचाळीसचं जळीत हा तिचा विषय. माडगूळ काय किंवा आपल्या जिल्ह्यातली गावं काय, अजून लोक त्यावर हळूच बोलतात. एका माणसाच्या कृत्याबद्दल त्याच्या अख्ख्या जातीच्या घरांना काडी लावणं, हे गृहीत तुझ्या विषयाशी जुळतं. पण अमेरिकेतला जमाव वरच्यांची सत्ता राखायला निघतो, अठ्ठेचाळीसचा जमाव सावकारी, वतनं, कचेऱ्या यांचा जुना हिशोब मनात घेऊन वरच्यांवर गेला. दोन्हींना एकाच खान्यात टाकलंस तर दोन्ही खोटे पडतील. जळालेल्या घरातल्या माणसाचं दुःख त्यामुळे कमी होत नाही, तेही लिही.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या २०१८च्या घटनेची आणि २०२२मध्ये जतजवळ लवंग्यात साधूंना झालेल्या मारहाणीची कात्रणं तू जोडलीस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा दोन्हीकडे होती आणि दोन्हीकडे मार खाल्ला तो परगावच्या, फिरत्या माणसांनी. राईनपाड्यात पाच जण गेले. तुला ती जवळची वाटली हे बरोबर आहे. पण प्रबंध कथनसाहित्याचा आहे. कात्रणं फाइलीत ठेव. तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच तर बोल.

अपमानकारक शब्दांचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस. मूळ अवतरणात तो शब्द येईल तिथे पहिलं अक्षर देऊन पुढे रेघ मार आणि तसं केल्याचं एकदाच सांग. मराठीत त्याला समांतर शिवी शोधत बसू नको. तशी शोधली की इथल्या एखाद्या जातीचं नाव वापरायचा मोह होतो. तुझ्या स्वतःच्या वाक्यांत ‘काळा माणूस’ पुरेसं आहे. मात्र तो शब्द कोण कोण वापरतं याची यादी तक्त्यात हवी, कारण न्हाव्यासारखी बाजू घेणारी माणसंही तिच्यात सापडतात.

प्रस्तावना आत्ता लिहू नको, सगळं झाल्यावर लिही. दहा-बारा पानांचं एक प्रकरण, विल मेज आणि स्काउट यांच्या तोंडच्या नावांवर. दुसरं चेस्नटच्या संपादकाच्या खोलीवर. तिसरं बागुल आणि ‘लाइट इन ऑगस्ट’वर. बॉल्डविन आणि वेल्स जिथे लागतील तिथे. तुमच्या मॅडमना हा बदल कळव, आराखडा मंजूर झालेला असेल तर त्यांची सही पुन्हा लागेल. ती आधी घे, मग टंकायला बस. ‘वावटळ’ नगरवाचनालयात आहे का बघते, नसेल तर बाबा पुण्याहून आणतील. ‘ड्राय सप्टेंबर’चा तक्ता पुढच्या शनिवारपर्यंत पाठव, हाताने केलेला चालेल, फोटो नीट काढ, मागच्या वेळी अर्धं पान सावलीत होतं.

तुझी,
आई